शेंबड्या नाकाचे दहा दिवस : सर्दी झालेल्या मुलाला आराम कसा द्यायचा

रात्रीचे दोन वाजलेत. बाळ भुकेलं आहे, पण दोन घोट घेऊन झटक्यात तोंड सोडतं आणि रडायला लागतं. पुन्हा लावतं, पुन्हा सोडतं. माझ्या थोरल्याच्या पहिल्या सर्दीत मी हे पोटदुखीचं रडणं समजून तासभर त्याचं पोट शेकत, त्याला खांद्यावर घेऊन फिरत होते. पोटाला काही झालंच नव्हतं, नाक चोंदलं होतं. पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घेणं त्यांना सहज जमत नाही. तोंडात दूध आणि नाकात शेंबूड असला की दूध किंवा श्वास यातलं एकच काहीतरी मिळतं. बाळ श्वास निवडतं आणि उपाशी रडतं.

त्या रात्रीनंतर मी सर्दीकडे बघायची पद्धत बदलली. सर्दी करणारे विषाणू २०० हून जास्त प्रकारचे आहेत आणि नेहमीच्या सर्दीला संपवणारं औषध नाही. शेंबूड म्हणजे नाकाने स्वतःच काढलेली झाडलोट, ती थांबवायच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. आपल्या हातात तीन गोष्टी असतात : पोटात काहीतरी जाणं, झोप लागणं आणि नाकाखालची कातडी शाबूत राहणं. एवढं जमलं की नाक गळत असतानाही मूल खेळतं. खाली जे सांगते आहे ते सगळं या तिन्हींसाठीच आहे.

किती दिवस धरून चालायचं?

लहान वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच. मूल पाळणाघरात किंवा शाळेत जायला लागलं की त्याहूनही जास्त. एक सर्दी साधारण ७ ते १० दिवस राहते, कधी दोन आठवडेही. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट जातो. खोकला मात्र नाक सुकल्यावरही रेंगाळतो.

आधी नाक पाण्यासारखं गळतं, मग शेंबूड दाट, पांढरा, पिवळा आणि शेवटी हिरवाही होतो. हिरवा दिसला की ‘आता इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक हवंच’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. हा हिरवेपणा आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, त्या पेशी कामाला लागल्याची ती खूण. नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत की विषाणू हे ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. रंगापेक्षा दिवस मोजा. १० दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, बरं होता होता पुन्हा ताप चढला, किंवा दाट शेंबडासोबत ३९ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप तीन दिवस टिकला, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे जा.

नाक मोकळं करणं : सलाईन आणि पंप

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो आणि सगळ्यात घाईघाईने उरकलं जातं तेही हेच.

लहान बाळांना एवढ्याशा शेंबडाचा इतका त्रास का होतो? हवेची वाट मुळातच अरुंद असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतो. हीच गोष्ट उलटीकडूनही खरी आहे. थोडासाच शेंबूड निघाला तरी बाळाला केवढा तरी फरक पडतो. म्हणून नाक अगदी ‘स्वच्छ’ करायचा हट्ट धरायचा नाही.

सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. मीठ याच प्रमाणात असलं की नाकाला झोंबत नाही. साधं पाणी झोंबतं. बाळासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे तयार थेंबच घ्या, कारण घरी प्रमाण चुकतं आणि स्वच्छतेची खात्री राहत नाही. मोठ्या मुलासाठी घरी करायचंच झालं तर पाणी खळाखळा उकळून थंड केलेलंच हवं आणि ते २४ तासांनी ओतून द्यायचं. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात कधीच घालू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याच्या घटना आहेत. फार दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमीच जीवघेण्या. पाणी उकळायला काही मिनिटंच लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. वेळ निवडा : दूध पाजण्याच्या १०-१५ मिनिटं आधी आणि झोपवण्याआधी. पाजल्यावर लगेच केलंत तर प्यालेलं सगळं उलटून बाहेर येईल.

१. हात धुवा. थेंबांची बाटली मुठीत धरून थोडी कोमट करा. गार थेंब नाकात पडला की बाळ दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच मान फिरवतं.

२. बाळाला उताणं झोपवा, डोकं किंचित मागे. एकटे असाल तर दुपट्यात हात आत घेऊन सैलसर गुंडाळा. दोघं असाल तर एकाने फक्त डोकं आणि हात सांभाळावे आणि बोलत राहावं.

३. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब. ड्रॉपरचं टोक नाकाला टेकवू नका, नाहीतर पुढच्या वेळी बाटलीतलं औषध शेंबडासकट जाईल.

४. थांबा, अर्धा ते एक मिनिट. बहुतेक जण चुकतात ते इथेच. सुकलेला शेंबूड भिजायला वेळ लागतो. या वेळात बाळाला एखादी शिंक आली तर पुढचं कामच उरत नाही, समोर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्या.

५. शिंक आली नाही तर पंप. रबरी बल्ब आधी बाहेरच दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी आणायचं आणि मग हळूहळू सोडायचा. नाकात घालून मग दाबलात तर शेंबूड आत ढकलला जातो. टोक आत खोल घालायचं नाही आणि नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता किंचित बाहेरच्या बाजूला धरायचं.

६. बल्ब कागदावर रिकामा करा, मग दुसरी नाकपुडी.

दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त पंप लावू नका. नाकाचं अस्तर नाजूक असतं. सतत ओढून ते सुजतं, कधी रक्ताचा डाग दिसतो, आणि सुजलेलं अस्तर म्हणजे पुन्हा चोंदलेलं नाक. बाळ नीट पीत असेल, नीट झोपत असेल, तर नुसती सुरसुर ऐकू येते म्हणून पंप काढायची गरज नाही. नुसते सलाईनचे थेंब याहून जास्त वेळा घातले तरी चालतात.

पंप कोणता घ्यावा? माझं मत विचाराल तर जो उघडून आतून धुता येतो आणि पारदर्शक आहे तो. आमच्याकडचा निळा रबरी बल्ब मी एकदा कुतूहल म्हणून कात्रीने कापला. आत काळी बुरशी होती. तोवर तो बाळाच्या नाकाला लागत होता. तोंडाने ओढायच्या नळीचा पर्यायही चांगला आहे. मध्ये फिल्टर असल्याने शेंबूड तोंडात येत नाही, आणि ओढण्याचा जोर आपल्या ताब्यात राहतो. कोणताही असो, प्रत्येक वेळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवून, झटकून, टोक खाली करून वाळवा.

नाकात तेल घालू नका. तेलाचा अंश श्वासावाटे फुप्फुसात उतरला तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. ‘आम्ही घातलं, कुणाला काही झालं नाही’ हे वाक्य येईल. वाद घालू नका, बाटली उचलून ठेवा.

आणि एक, रडण्याबद्दल. डोळ्यांतलं पाणी एका बारीक नळीतून नाकातच उतरतं, त्यामुळे मूल जितकं रडेल तितकं नाक जास्त गळणार. दोन माणसांनी दाबून धरून, आरडाओरडीत केलेल्या सफाईने नाक आधीपेक्षा चोंदलेलं होतं. मूल फारच विरोध करत असेल तर सोडून द्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

पोट आणि झोप

चोंदलेल्या नाकाचं बाळ एका बैठकीत पुरेसं पीत नाही. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा, मध्ये श्वास घेऊ द्या, जमल्यास जरा उभं धरून पाजा. मोठ्या मुलाचं जेवण दोन दिवस कमी झालं तर चालेल. द्रवपदार्थ मात्र जायलाच हवेत, कारण शरीरात पाणी कमी झालं की शेंबूडही चिकट होतो. दूध बंद करायची गरज नाही, दुधाने कफ तयार होतो हा समज खरा नाही. गिळलेल्या शेंबडाने मळमळून एखादी उलटी होते, तिच्यात चिकट तार दिसते. त्यानंतर मूल हुशार वाटत असेल तर घाबरायचं कारण नाही.

रात्री आडवं झालं की शेंबूड मागून घशात उतरतो आणि खोकल्याची उबळ येते. मोठ्या मुलाला एक जास्तीची उशी देता येते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र नाही. त्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवरच झोपवायचं. डोक्याखाली उशी, गादीखाली गुंडाळलेला टॉवेल, तिरकं ठेवलेलं बाळखुर्चं, यातलं काहीही नको. मान पुढे मुडपून श्वासाची वाटच दाबली जाऊ शकते. त्याच्यासाठी झोपेआधीचे सलाईनचे थेंब हाच उपाय.

एक वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध द्यायला हरकत नाही. एक वर्षाच्या आत चाटणभरसुद्धा मध नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पडतात. मध उकळूनही ते मरत नाहीत.

वाफेबद्दल मी कडक आहे. उकळत्या पाण्याचं भांडं, वर पांघरूण आणि खाली वळवळणारं मूल म्हणजे भाजण्याच्या अपघाताची पूर्ण तयारी. सर्दी लवकर जाते असाही काही पुरावा नाही. हवंच असेल तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा आणि मुलाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं आतच, गरम पाण्यापासून लांब बसा. खोलीत ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं यंत्र) लावायचा तर थंड वाफेचा, आणि रोज पाणी बदलून धुतलेला.

छातीला चोळायचे बाम दोन वर्षांखाली नकोत, आणि नाकपुडीत किंवा नाकाखाली तर कोणत्याच वयात नकोत. मेंथॉलमुळे नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चाळवतात आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. आतली वाट होती तेवढीच असते. बाममधला कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. डबी वर ठेवा.

नाकाखालची कातडी

तिसऱ्या दिवशी नाकाखाली लाल पट्टा उमटतो. त्यानंतर मूल रुमाल बघूनच पळतं आणि मग सगळीच कामं अवघड होतात. कोरड्या कागदाने पुसू नका. मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, नुसतं टिपा. सुकलेली खपली ओढायची नाही, ओलं कापड अर्धा मिनिट धरून ठेवलं की ती आपोआप सुटते. कातडी कोरडी झाली की पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, नाकाच्या बाहेर, वरच्या ओठापर्यंत. हा थर पट्टा उमटायच्या आधीच, पहिल्या दिवसापासून लावा.

औषधं : काय द्यायचं, काय नाही

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं लहान मुलांना देऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत असं जाहीर केलं, आणि उत्पादकांनी त्याच वर्षी वेष्टनावर चार वर्षांची मर्यादा छापायला सुरुवात केली. ब्रिटनने २००९ मध्ये ती मर्यादा सहा वर्षांवर नेली. या सिरपांनी मुलांची सर्दी लवकर बरी होत नाही, उलट धडधड, गुंगी किंवा विचित्र चिडचिड होऊ शकते. नाक ‘सुकवणारं’ औषध शेंबूड दाट करतं, आणि दाट शेंबूड काढणं पातळ शेंबडाहून कठीण. मागच्या सर्दीतली अर्धी बाटली, भावंडाची बाटली, शेजारच्यांनी सुचवलेली बाटली, या तिन्हींना हाच नियम.

नाक उघडणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलांना घालू नका. हे सलाईन नव्हे, बाटल्या मात्र सारख्याच दिसतात, तेव्हा नाव वाचून घ्या. डॉक्टरांनी दिले तरी ते थोड्याच दिवसांसाठी असतात, कारण लांबवले की नाक त्या थेंबांशिवाय उघडेनासं होतं.

तापाने किंवा अंगदुखीने मूल मलूल असेल तर पॅरासिटामॉल : दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला म्हणजे एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर हे मात्र बाटलीवर अवलंबून असतं. थेंबांच्या बाटलीत औषध दाट असतं, सिरपात पातळ, आणि सिरपांतही फरक असतो. सिरपाचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं की डोस कितीतरी पट होतो. प्रत्येक वेळी लेबल वाचा, बाटलीसोबतच्या पिचकारीनेच मोजा, स्वयंपाकघरातला चमचा नको. दिलेली वेळ कागदावर लिहून ठेवा. रात्री आईने दिलं आणि पहाटे बाबांनीही दिलं, हे घराघरात होतं. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही, त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला कोणतंही औषध डॉक्टरांना विचारूनच.

श्वास मोजायला शिका

नाकाच्या आवाजापेक्षा छातीच्या हालचालीकडे बघायला शिकलात तर निम्म्या रात्री निर्धास्त जातील. आधी नाक मोकळं करा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा. पोट एकदा वर गेलं की एक, असं पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा, आणि तरी तसाच असेल तर निघा.

याशिवाय पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा : बरगड्यांच्या खाली किंवा मधे खळगा पडतोय, नाकपुड्या फेंदारतायत, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर दिसतायत, मूल उठवूनही नीट जागं होत नाही, नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप आला तर बाळ कितीही छान दिसत असलं तरी त्याच दिवशी, लगेच. दोन वर्षांखालच्या मुलांत छातीच्या बारीक नळ्यांना सूज येणारा आजार अगदी साध्या सर्दीसारखा सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धाप वाढते, त्यामुळे ते दिवस विशेष लक्ष ठेवा. कान धरून रात्रभर रडणं हेही दाखवण्यासारखं. मुलांच्या नाक-घशापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी चटकन कानात पोचते.

सर्दी नसलेली वाहती नाकं

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय? आत मणी, दाणा, स्पंजचा तुकडा असण्याची शक्यता दाट. चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. घड्याळात असते तशी बटणबॅटरी असेल तर काही तासांतच आतली कातडी जळते, सरळ इस्पितळ गाठा. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाणी येऊ लागलं तरी तेच.

ताप नाही, पाण्यासारखं नाक आठवडेच्या आठवडे गळतंय, सकाळी ओळीने शिंका, डोळे खाजतात, मूल तळहाताने नाक खालून वर घासत राहतं आणि त्याने नाकावर आडवी रेघ पडली आहे, तर ती ॲलर्जी असावी. तिचे उपाय वेगळे आहेत आणि ते उपलब्धही आहेत, दर महिन्याला ‘पुन्हा सर्दी’ म्हणत बसू नका.

नाक शिंकरायला शिकवणं

हे सर्दी नसताना शिकवायचं. अडीच-तीन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांना जमू लागतं. टेबलावर एक हलकं पीस किंवा कागदाचा कपटा ठेवा. आधी तोंडाने फुंकून उडवा. मग म्हणा, ‘आता तोंडाला कुलूप, नाकाने उडव.’ बहुतेक मुलं पहिल्यांदा उलट हवा आत ओढतात. हसू नका, आपण करून दाखवा. आरशासमोर नाकाच्या श्वासाने धुकं काढायचा खेळही चालतो. ते जमलं की एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीने हळू फुंकर, मग बाजू बदल. दोन्ही एकदम दाबून जोरात शिंकरलं तर शेंबूड कानाच्या नळीकडे ढकलला जातो. कागद कचऱ्यात, हात साबणाने २० सेकंद, आणि हे तिन्ही एकच काम म्हणून शिकवा.

धाकटीला हे जमायला चार महिने लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तो कागद तिने फेकू दिला नाही. उघडून घरातल्या प्रत्येकाला दाखवला, पाहुण्यांनाही, आणि मग स्वतःच्या हाताने डब्यात टाकला.